भुयाराची बातमी, भुयाराची कादंबरी

नोव्हेंबर 2017 मध्ये जुईनगरमधील एका बँकेच्या लॉकरखोलीत चोरटे जमिनीखालून शिरले. जवळचाच गाळा भाड्याने घेऊन त्यांनी तिथे दुकान थाटले होते आणि त्याच्या आडून भुयार खणले होते. सुमारे 30 लॉकर फुटले. नवी मुंबईच्या गुन्हे वार्ताहरांनी तपासाचा पाठपुरावा केला आणि मग ते पुढच्या गुन्ह्याकडे वळले, कारण बीटवरच्या, म्हणजे ठरावीक विषयाच्या रोजच्या बातम्या देणाऱ्या, माणसाला एका प्रकरणात रेंगाळण्याची मुभा नसते.

लॉस एंजेलिसमध्ये 1986 साली अशीच चोरी झाली होती. तिथले चोरटे शहराच्या पावसाळी गटारांतून आले होते. त्या घटनेचा आधार घेऊन पुढे ज्याने कादंबरी लिहिली, तो मायकेल कॉनेली त्याच शहरातील वृत्तपत्राचा गुन्हे वार्ताहर होता.

कॉनेली यांचा जन्म 1956 सालचा, फिलाडेल्फियाचा. वाढले मात्र फ्लोरिडात. सोळाव्या वर्षी रस्त्याने जाताना एका माणसाने कुंपणाच्या झुडपात काहीतरी खुपसल्याचे त्यांनी पाहिले. ते शर्टात गुंडाळलेले पिस्तूल निघाले आणि साक्षीदार म्हणून या मुलाची रात्र पोलिसांच्या सहवासात गेली. पुढे पत्रकारितेचे शिक्षण घेऊन, कोकेनच्या टोळ्यांनी फ्लोरिडा हादरत असताना, त्यांनी तेथील वृत्तपत्रांत गुन्हेवार्ता केल्या.

त्या काळातील एक निरीक्षण त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. खुनांचा तपास करणाऱ्या पथकाबरोबर वावरताना, मृतदेहापाशी उभा राहिला की चष्मा काढून त्याची काडी तोंडात धरणारा एक अधिकारी त्यांनी पाहिला होता. नंतर तोच चष्मा टेबलावर पडलेला असताना काडीवर दातांनी पडलेली खोल खाच त्यांना दिसली. बाहेरून निर्विकार दिसणारा हा माणूस प्रत्येक वेळी दात किती घट्ट आवळत असेल, हे त्या खाचेने सांगितले. पंचनाम्यात अशा खाचेला जागा नाही आणि दोन कॉलमी बातमीत तर नाहीच. कॉनेली यांच्यातला कादंबरीकार इथेच घडला, असे आम्हाला वाटते.

1992 साली आलेल्या, भुयाराच्या त्या चोरीवर बेतलेल्या पहिल्या कादंबरीला पदार्पणासाठीचा एडगर हा गुन्हेकथांचा अमेरिकी पुरस्कार मिळाला. तिचा नायक, पोलीस तपास अधिकारी हॅरी बॉश, व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या भुयारांत उतरलेला सैनिक आहे. चोरट्यांनी किती ऐवज नेला हे वार्ताहर विचारतोच. त्या अंधारात पुन्हा पाऊल टाकताना बॉशला काय आठवत असेल, हा प्रश्न कादंबरीने जोडला, आणि साधी चोरी त्याच्या भूतकाळाशी जाऊन भिडली.

यश मिळाल्यावरही कॉनेली यांनी लगेच नोकरी सोडली नाही. दिवसा वृत्तपत्र आणि उरलेल्या वेळात बॉश, असा क्रम आणखी काही काळ चालला. नोकरी सुटल्यानंतर, 1996 साली, त्यांनी पोलिसाऐवजी एका गुन्हे वार्ताहरालाच नायक केले आणि त्या नायकाच्याच भावाच्या मृत्यूची बातमी खणून काढण्याचे काम त्याच्यावर सोपवले.