सॅक्सोफोनचा सूर आणि ऐकणारा कान

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘सॅक्सोफोनचा आवाज सुधारण्याचे तीन मार्ग’ असा छापला आहे. ते तीन मार्ग मी सांगणार आहे. परंतु आवाज मुळात बिघडतो कोठे, हे आधी सांगितल्याशिवाय त्या मार्गांना काही अर्थ उरत नाही, आणि बिघडण्याविषयी मला बरेच बोलायचे आहे. समोर बँडमधले वादक आहेत, ऑर्केस्ट्रातले आहेत, संगीत विभागातले विद्यार्थीही आहेत, तेव्हा छोटा, वरच्या सुराचा आल्टो कोणता आणि मोठा, खालच्या सुराचा टेनर कोणता येथून सुरुवात करण्याची गरज नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मराठवाड्यात सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची फुंक कमी पडत नाही, दमसास तर मुळीच कमी पडत नाही. त्याला मिळत नाही ती स्वतःचा आवाज ऐकण्याची संधी. जालन्यापासून नांदेडपर्यंत मी ज्या वादकांना भेटतो, त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, कोणता घ्यावा हा. आपला सूर कसा लागतो, असे विचारणारा क्वचित भेटतो. माउथपीसचे महत्त्व मी नाकारत नाही. त्याच्या टोकाची फट किती, आतली पोकळी केवढी, यावर आवाजाचा उजळपणा किंवा गोलाई निश्चितच अवलंबून असते. मात्र ज्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, त्याने कितीही महागडा माउथपीस लावला तरी फरक पडला की नाही हे तो ठरवणार कशाच्या आधारावर?

या वाद्याचा जन्मच थोडा अडचणीचा आहे. बेल्जियममधील दिनाँ येथे १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. पितळी वाद्यांचा जोर आणि सुषिर लाकडी वाद्यांची चपळाई एकत्र असलेले वाद्य त्यांना हवे होते, आणि लष्करी बँडने ते लवकरच उचलले. अंग पितळेचे असले तरी ते बोलते रीडमुळे, म्हणजे माउथपीसवर बांधलेल्या पातळ पट्टीमुळे, म्हणून त्याची गणना क्लॅरोनेटच्या घराण्यात होते. क्लॅरोनेटची नळी बरीचशी सरळ, तर याची शंकूसारखी रुंदावत जाणारी. मोकळ्या मैदानात ऐकू जाण्यासाठी घडवलेले हे वाद्य असल्यामुळे मोठा आवाज त्याला उपजतच मिळालेला आहे. मृदू आवाज मात्र वादकाला कमवावा लागतो.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. सभागृहात साउंडवाले कोणी असतील तर त्यांनी कृपया चहाआधी उठून जाऊ नये. जिल्ह्याच्या एका गावी मंगल कार्यालयात स्वागत समारंभ होता आणि ऑर्केस्ट्रात विशीतला एक गुणी मुलगा आल्टो वाजवत होता. साउंडवाल्याने माइक थेट बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या भोंग्यात, खुपसला, एकोचे बटण पुरेसे फिरवले आणि तो जेवायला गेला. मी परिचयाचा असल्याने मिक्सरवर बसलेल्या त्याच्या मदतनिसाला विनंती केली की, माइक हातभर लांब घ्यावा. तो म्हणाला, “काका, सॅक्स म्हटलं की माइक भोंग्यातच जातो.” मी विचारले, का? तो म्हणाला, “आवाज तिथूनच निघतो ना!”

मंडळी, आवाज तेथून निघत नाही. अगदी खालचे एक-दोन स्वर बेलमधून येतात हे खरे. बाकीचे स्वर बऱ्याच अंशी नळीवरच्या उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात, आणि कोणती छिद्रे उघडी आहेत हे प्रत्येक स्वरागणिक बदलते. बेलमध्ये माइक घालणे म्हणजे बैठकीत गाणाऱ्या गवयाच्या पोटाला माइक बांधण्यासारखे आहे. परिणाम असा होतो की खर्जातला स्वर अंगावर येतो, मधल्या सप्तकातले स्वर पिचके ऐकू येतात, आणि ही उणीव झाकण्यासाठी एको वाढवला जातो. माइक एक ते दोन फुटांवर, वाद्याच्या मधल्या चाव्यांकडे रोखून ठेवला, तर एकूण आवाज बराच समतोल मिळतो. यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच हा सल्ला कोणाला पटत नाही.

बऱ्याच विनवणीनंतर एका गाण्यापुरता माइक हलला आणि एको बंद झाला. दुसऱ्याच कडव्याला वधूपक्षाकडचे एक ज्येष्ठ गृहस्थ लगबगीने आले आणि मशीन बिघडली का, असे विचारू लागले. एको पुन्हा सुरू झाला. कार्यक्रम संपल्यावर तो वाजवणारा मुलगा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “सर, त्या गाण्यात जो फुसफुस आवाज येत होता, तो माझाच होता का?” फुसफुस त्याचीच होती. रीड जुनी झाली होती, ओठांच्या कडेने हवा सुटत होती, आणि एकोच्या पडद्याआड हे त्याला कधी कळलेच नव्हते.

वरातीत याहून बिकट स्थिती असते. मागे डीजेची भिंत उभी, पुढे नाचणारी मंडळी, आणि बँडमालक कानाशी येऊन ओरडतो की आवाज काढ. अशा वेळी वादक जे करतो ते ठरलेले आहे: खालचा ओठ दातांवर घट्ट दाबायचा, रीडला चावायचे आणि पोटाऐवजी गालांतून फुंकायचे. रीडला कंप घ्यायला जागा उरत नाही, स्वर चढतो आणि आवाज चिरका होतो. काही जण माउथपीसचे टोक कानशीने घासून फट वाढवतात, त्याबद्दल मी येथे अधिक बोलत नाही, कारण तसे करणारे दोघे मला समोर दिसत आहेत. देवगिरीच्या यादव दरबारात, राजा सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मानवी आवाजाचे प्रकार सांगताना ‘बोंबक’ नावाचा एक प्रकार नोंदवला आहे: मोठा, रूक्ष आणि आतून पोकळ. वरातीतल्या आपल्या सॅक्सोफोनचे वर्णन इतके नेमके कोणी केलेले नाही. त्याच ग्रंथात बासरीच्या फुंकेचे गुण सांगताना स्निग्धता, घनता, माधुर्य यांची नावे येतात. आपण मात्र फुंकेला एकच गुण लावतो, जोर.

याउलट उदाहरण कद्री गोपालनाथ यांचे आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात १९४९ साली जन्मलेल्या गोपालनाथांच्या घरी नादस्वरम, म्हणजे दक्षिणेतले सनईसारखे वाद्य, होता. वडील ते वाजवत. मैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांना सॅक्सोफोन भेटला आणि पुढे त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत उभे केले. गमकांसाठी, म्हणजे स्वराला द्यायच्या आंदोलनांसाठी, त्यांनी वाद्यात फेरफार केले हे खरे. परंतु नादस्वरमाचा भरदार सूर कानात आधीपासून नसता, तर ते फेरफार कशासाठी करायचे हे त्यांना कळलेच नसते. आपल्याकडे देवळात सनई-चौघडा ऐकत मोठे झालेले वादक आहेत. त्यांच्या कानात असाच सूर आहे; तो सॅक्सोफोनपर्यंत पोहोचत नाही.

ऐकण्यासाठी जागा हवी, असे म्हटले की शेतात जाऊन वाजवतो, असे उत्तर येते. शेतात शेजाऱ्यांची तक्रार नसते, ही सोय मोठीच आहे. परंतु उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे वादक नकळत जोर वाढवतो. त्यापेक्षा गोठ्याच्या किंवा घराच्या भिंतीसमोर दोन-तीन फुटांवर उभे राहावे. आपण सोडलेला सूर तेथे लगेच कानावर येतो.

रीडविषयी मी सविस्तर बोलणार होतो, परंतु संयोजकांची चिठ्ठी आली आहे. तरी एवढे सांगतो. रीड ही अरुंडो डोनॅक्स या नळाच्या जातीच्या गवताची असते आणि दक्षिण फ्रान्समधल्या वार प्रांतातली प्रसिद्ध आहे. आपला लग्नांचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत येतो, परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि कोरड्या हवेत रीडचे टोक लहरी होऊन माउथपीसवर नीट बसत नाही. म्हणून तीन-चार रीड आळीपाळीने वापराव्यात, वाजवण्याआधी पूर्ण ओल्या कराव्यात आणि हवाबंद डबीत ठेवाव्यात. उन्हात वाद्याचा सूर चढतो, कीबोर्डचा चढत नाही. तेव्हा ओठ सैल सोडून सूर ओढण्याऐवजी माउथपीस नेकच्या, म्हणजे वरच्या वाकड्या नळीच्या, बुचावरून थोडा बाहेर घ्यावा.

आता ते तीन मार्ग, वेळेअभावी धावतच. पहिला, माउथपीस आणि रीड नुसतेच फुंकून पाहणे. आल्टोच्या माउथपीसवर साधारण हार्मोनियमची पांढरी सहा, म्हणजे ८८० हर्ट्झ, आणि टेनरवर पांढरी पाच लागावी. यापेक्षा वर लागत असेल तर तुम्ही रीडला चावत आहात.

दुसरा मार्ग खर्जसाधनेचा. गायक पहाटे जे करतो तेच: एक स्वर, हळू सुरू करून भरावा आणि पुन्हा हळू करत सोडावा, पण त्याची उंची हलू द्यायची नाही. आल्टोचा सर्वांत खालचा स्वर काळी एकचा असतो. तो मृदू लागेपर्यंत वरच्या स्वरांची घाई करू नये.

तिसरा मार्ग मला सर्वांत प्रिय आहे आणि त्यालाच वेळ उरलेला नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार ऐकू येतो, हे येथील गायकांना ठाऊक आहे. तोच गांधार सॅक्सोफोनच्या नळीतही असतो. सर्वांत खालच्या स्वराची बोटे धरून ठेवावीत, आणि बोटे न हलवता, ओठ न आवळता, केवळ जिभेची मागची बाजू आणि घशाची पोकळी बदलून तार षड्ज, मग त्यावरचा पंचम, मग त्याच्याही वरचा षड्ज आणि शेवटी गांधार काढावा. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मोजमाप करून दाखवले की, अनुभवी वादक अतितार स्वरांसाठी घशाची पोकळी त्या स्वराशी जुळवून घेतात. ही जुळवणी डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. ती फक्त ऐकूनच साधते. पंचम निघू लागला की नेहमीच्या बोटांनी वाजवलेला मधला पंचमही भरून येतो. तो का भरतो, हे समजावून सांगायला अर्धा तास लागेल आणि संयोजक आता उभेच राहिले आहेत.

ज्यांनी वाद्य आणले आहे, त्यांनी चहानंतर माउथपीस आणि रीड घेऊन मागच्या खोलीत यावे. ट्यूनर माझ्याकडे आहे. आल्टोवाल्यांची पांढरी सहा आणि टेनरवाल्यांची पांढरी पाच आधी तपासू आणि मग खर्जाकडे वळू. त्या खोलीत माइक नाही.