राखाडी जोडी, फॉन पिल्लू

(दृश्य : मटकीचं तोंड, आत पिल्लं)

अण्णांनी पिंजऱ्यातल्या घरट्याच्या मटकीचं तोंड उजेडाकडे फिरवलंय. आत झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्याची चार पिल्लं. तिघांच्या पाठीवर राखाडी पिसं फुटलीत, चौथ्याची पाठ मात्र फिकट बदामी. पाळणारे या रंगाला फॉन म्हणतात. आई राखाडी, बापही राखाडी.

अण्णा वही काढतात आणि या चौथ्यापुढे लिहितात : मादी.

(दृश्य : काळ्या चोचीचा क्लोजअप)

चोच अजून काळी आहे. झेब्रा फिंचच्या सगळ्याच पिल्लांची सुरुवातीला काळी असते. नराची लाल आणि मादीची नारिंगी व्हायला मटकीबाहेर पडल्यावरही काही आठवडे जातात. गालावरचा नारिंगी डाग आणि गळ्यावरच्या बारीक रेघा, ही नराची ओळखही नंतरच उमटते. मग अण्णांनी आजच कसं ओळखलं?

(दृश्य : गच्ची, पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट. खालून मागांचा खडखडाट)

सोलापूरचा पूर्व भाग. खाली यंत्रमाग, वर पिंजरे. अण्णांचं आयुष्य मागावर गेलं, आता पक्ष्यांचे राळे, समुद्रफेस आणि ही वही. आपल्याकडच्या मुनिया पकडायला कायद्याची बंदी आहे. झेब्रा फिंच मात्र मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि पाळीव झेब्रा फिंच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला.

रानात त्याचा रंग राखाडी. फॉन, पाईड (पांढऱ्या डागांचा), पांढरा हे पाळणाऱ्यांनी निवडून टिकवलेले रंग, आणि हे तिन्ही राखाडी पिसांआड दडून राहू शकतात. असा रंग पोटात घेऊन फिरणारा पक्षी म्हणजे 'स्प्लिट'. सोलापुरी चादरीत वर न दिसणारा रंग उलट बाजूला सापडतो. पक्ष्याला उलटी बाजू नाही.

(दृश्य : वहीचं पान. अण्णांचं बोट दोन उभ्या रेघांवर)

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉनचं जनुक झेडवर असतं. नराच्या एका झेडवर फॉन असला तर दुसरा झेड त्याला झाकतो आणि नर राखाडीच दिसतो. मादीकडे झाकायला दुसरा झेडच नाही. तिच्यात फॉन असला की तो दिसलाच. तेव्हा 'फॉनला स्प्लिट मादी' म्हणून कुणी पक्षी दाखवला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

आता पुन्हा हे पिल्लू. राखाडी आईचा झेड त्याला मिळाला असता तर ते राखाडीच दिसलं असतं. म्हणजे आईकडून डब्ल्यू आला. म्हणजे मादी. आणि फॉन आला बापाकडून, म्हणजे बाप स्प्लिट. त्याच्या राखाडी मुलग्यांपैकी साधारण निम्मे तसेच निघतील. कोणते, ते आज कळणार नाही. वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह.

(दृश्य : बाजारातला मोठा पिंजरा, पक्ष्यांची गर्दी)

पण बाप हाच, हे कशावरून? अशा कॉलनीत, म्हणजे एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या असताना, ते सांगताच येत नाही. शेजारच्या नराशीही मादीचं जमतं. त्यात आधीच्या नराचं बीज तिच्या शरीरात जवळपास दोन आठवडे टिकू शकतं. म्हणून अण्णा जोडी लावण्याआधी मादीला तेवढे दिवस एकटं ठेवतात, मग एका पिंजऱ्यात एकच जोडी. कॉलनीतला पक्षी 'स्प्लिट आहे' म्हणून विकणं म्हणजे निव्वळ थाप.

(दृश्य : पांढरी मादी आणि राखाडी नर, एका काडीवर)

पांढऱ्याचं गणित वेगळं. ते जनुक झेडवर नाही, त्यामुळे नर-मादी दोघांतही दडतं. चोचीखालचं एखादं पांढरं पीस दाखवून विकणारे बरेच. असं पीस काही स्प्लिटांत असतं, काहींत नसतं. त्यावर भाव करायचा नसतो. खात्री करायची तर संशयित नराला पांढरी मादी द्यायची. एक जरी पांढरं पिल्लू निघालं, तर नर स्प्लिट. सगळी राखाडीच निघाली तर मोजत बसायचं. स्प्लिट असूनही पाचच्या पाच राखाडी निघण्याची शक्यता बत्तिसांत एक, आठच्या आठ निघण्याची २५६ मध्ये एक. या पक्ष्याचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, कोंबडीनंतरचा दुसराच पक्षी. गच्चीवर मात्र अजून पिल्लं मोजूनच चालतं.

काहींच्या डोक्यावर तुरा असतो, तो मात्र लपत नाही. फक्त तुरेवाल्या नराला तुरेवाली मादी लावायची नाही, काही पिल्लं अंड्यातच मरतात. या सगळ्यात जास्तीची झालेली राखाडी पिल्लं मिळेल त्या भावात जातात.

(दृश्य : पिंजऱ्यापाशी एक मुलगा, हातात जाळीचा डबा)

हा पोरगा त्या फॉन पिल्लाच्या बापासाठी आलाय. अण्णा वहीतलं पान उतरवून देतात : जोडी कधी लावली, अंडी किती, पिल्लं कोणत्या रंगाची. खाली एक ओळ : फॉनला स्प्लिट, खात्रीचा.

"अण्णा, पांढरं बी निघंल का ओ ह्याच्यातनं?"

"पांढऱ्या मादीसंगं लावलाच नाही त्याला. त्ये मी लिवून देत नाही."

"मग पैसे कमी करा की."

अण्णा पन्नास रुपये कमी करतात.