दोन मुसळं, एक उखळ

मंडळी, टेबलावर डीजेचा कंट्रोलर, म्हणजे गाणी वाजवायचं-मिसळायचं यंत्र आहे, लॅपटॉप आहे, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मी वहीचा पुठ्ठा चिकटवलाय. तो आज शेवटपर्यंत निघणार नाही. इथं तालमींची पोरं आहेत, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आहेत, आणि आपला मुलगा रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून नक्की काय शिकतोय हे बघायला आलेले काही वडीलही आहेत. सगळ्यांसाठी विषय एकच. एक गाणं चालू असताना दुसरं गाणं त्याच्या लयीत, ठोक्यावर ठोका बसवून कसं आणायचं, आणि तेही कानानं.

दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटण असताना हे कशाला, असं बरीच पोरं विचारतात. रास्त प्रश्न आहे. सिंक मीही वापरतो. सॉफ्टवेअर गाणं आधी तपासतं, ठोके कुठं पडतात ते ओळखतं आणि त्यावर रेघा आखून ठेवतं. कॉम्प्युटरवर बांधलेल्या गाण्यात ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अंतरानं पडतो, तिथं या रेघा तंतोतंत बसतात. पण आपल्या कोल्हापुरात लोक फर्माईश कशाची करतात? ढोलकीची गाणी, हलगी, लेझीमचे ठेके, आजीच्या काळातल्या लावण्या. ही गाणी माणसांनी एका खोलीत बसून वाजवलेली आहेत. कडव्यात लय किंचित सैल पडते, धृपदावर येताना किंचित चढते. तीच तर त्या गाण्याची मजा. सॉफ्टवेअरला ती बऱ्याचदा कळत नाही. कधी ते मिनिटाला ७५ ठोक्यांच्या गाण्याला १५० चं म्हणतं, कधी सहा मात्रांच्या दादऱ्याला चाराचं समजून भलत्याच ठिकाणी रेघ मारतं.

मला हे एका हळदीत समजलं. बारा-तेरा वर्षं झाली असतील. चालू होतं एक रिमिक्स, त्यावर मी जुनं ढोलकीचं गाणं आणत होतो. सिंकचा दिवा लागलेला, पडद्यावर दोन्ही गाण्यांच्या रेघा एकाखाली एक. मी निवांत होतो. पंधरा-वीस सेकंदांत खालची नाचणारी माणसं अडखळायला लागली. पाय कुठं टाकायचा तेच कळेना. मी पडद्याकडं बघतोय, पडदा सांगतोय सगळं बरोबर आहे. बाजूला हलगीवाले मामा शेकोटीवर हलगी तापवत बसले होते, त्यांचा ताफा माझ्यानंतर वाजणार होता. ते जागेवरूनच ओरडले, "आरं, दुसरं पुढं पळालंय! ऐकाय येत न्हाई व्हय?" खरंच येत नव्हतं. कारण मी ऐकतच नव्हतो, वाचत होतो.

ज्यांनी घरात कांडण बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. एका उखळात दोन बायका कांडतात. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. धप, धप, धप. दोघी गप्पा मारतात, ओव्या म्हणतात, कुणी मुसळाकडं बघत नाही. पाळी चुकली की मुसळावर मुसळ आपटतं आणि ते आवाजातच कळतं. मग एकजण हात किंचित रोखते, पाळी जुळते, काम पुढं चालू. यात दोन गोष्टी आहेत. दोघींचा वेग एक हवा, आणि दोघींची जागाही ठरलेली हवी. नवशिक्यांचा सगळा गोंधळ होतो तो या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळं.

वेग म्हणजे लय. ती बदलायची पिच फेडरनं, म्हणजे ही उभी सरकती पट्टी. जागा म्हणजे ठोका नेमका कुठं पडतो ते. ती सुधारायची जॉगनं, या गोल चकतीला बोटानं हलकं ढकलून किंवा रोखून. जॉगनं लय कायमची बदलत नाही. बोट काढलं की गाणं पुन्हा पहिल्या वेगानं चालतं, फक्त जागा सरकलेली असते.

आता आकडे बघा. एक गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं, दुसरं १२९ चं. दोन्ही एकाच ठोक्यावर सुरू केली. अर्ध्या मिनिटानं दुसरं बरोबर अर्धा ठोका पुढं जाणार, म्हणजे पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध दुसऱ्याचा ठोका. मिनिटानं पूर्ण एक ठोका पुढं, आणि दोन्ही पुन्हा जुळल्यासारखी वाटणार. इथं पोरं फसतात. ठोका ठोक्यावर आला, पण सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, एका मात्रेनं सरकलेली असते. आणखी बारीक बघू. फरक फक्त ०.१ चा धरा. १२८ ला एक ठोका साधारण ४६९ मिलीसेकंदांचा. मिनिटभरात त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ४७ मिलीसेकंद, दुसरं गाणं सरकतं. एवढ्यात एका "धप"चं "ध-धप" होतं आणि कानाला सरळ कळतं. गाण्यांची अदलाबदल मिनिटभर चालत असेल, तर एवढा फरकही खपत नाही.

मग कानानं ओळखायचं कसं? ठोका जुळला नाही हे आठवड्याभरात कोणालाही कळतं. अवघड आहे ते दुसरं गाणं पुढं गेलंय की मागं राहिलंय हे ओळखणं. माझ्याकडं शिकणारी बहुतेक पोरं इथंच महिना-दीड महिना अडकतात आणि आपल्याला कानच नाही म्हणून सोडून देतात. सोडू नका. कान सगळ्यांना आहे, फक्त त्याला एका वेळी दोन कामं सांगू नका. हलगीवाल्या मामांनी मला पुढं हेच शिकवलं. ते म्हणायचे, एक गाणं पायात घाल, दुसरं कानात. लोकांना ऐकू येतंय त्या गाण्यावर पायाचा ठेका धरायचा. तो एकदा बसला की त्याचा विचार सोडून द्यायचा, पाय आपोआप चालतो. मग लक्ष फक्त हेडफोनमधल्या गाण्याकडं. त्याचा ठोका पाय पडायच्या आधी आला तर ते पुढं, नंतर आला तर मागं.

त्यातही किककडं, म्हणजे मोठ्या ड्रमच्या जाड ठोक्याकडं, कान लावू नका. खालच्या सुरांचा आवाज पसरट असतो, त्याची कड सापडत नाही. टाळी, हायहॅट म्हणजे ड्रमसेटमधली झांज, ढोलकीची चाट, हलगीवर पडणारी काडी, हे आवाज टोकदार असतात. ते दोन झाले की लगेच ऐकू येतात. तरीही दिशा कळली नाही, तर जॉग कुठल्यातरी एका बाजूला हलकेच ढकला. आणखी बिघडलं तर दुसऱ्या बाजूला. आणि हे मोजत राहा. दर दहा सेकंदांनी तुम्हाला गाणं पुढंच ढकलावं लागतंय? मग दोष जागेचा नाही, लयीचा आहे. फेडर केसभर वेगाकडं सरकवा. पुन्हा ऐका. ढकलायची वेळ तीस सेकंदांवर गेली, मग मिनिटावर गेली, की लय सापडत आली. फेडरचा पट्टा, म्हणजे वेग बदलायची मर्यादा, सहा टक्क्यांची ठेवा. १२८ च्या गाण्यात एक टक्का म्हणजे १.२८ ठोके. पट्टा मोठा ठेवला तर केसभर सरकवूनही गाणं उडी मारतं.

एक सवय मात्र आतापासून लावा: सम मोजायची. तबला शिकलेल्यांना सांगायला नको, तीनतालाच्या सोळा मात्रा त्यांच्या बोटांवर असतात. नाचाच्या बहुतेक गाण्यांची बांधणीही सोळा-बत्तीस ठोक्यांची असते. सोळा झाले की काहीतरी बदलतं. टाळी येते, गायक येतो, वाद्य थांबतं. दुसरं गाणं सोडायचं ते त्या समेवर. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात लय ऐकणारी माणसं घराघरात झाली, ती काय पडदा बघून झाली नाहीत. दादऱ्याचं गाणं चाराच्या गाण्यावर चढवायला मात्र जाऊ नका. माझं मत स्पष्ट आहे, तिथं मिसळू नये. पहिलं समेवर संपवावं, दुसरं समेवर उचलावं. लोकांना तेच आवडतं.

मिरवणुकीत वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर तुमच्यापासून सतरा मीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत ५० मिलीसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधला मात्र लगेच. तुम्ही कानाला पटेल असं जुळवलं, की लोकांपुढं ते चुकलेलंच वाजणार. त्यात महाद्वार रोडसारख्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून आवाज परत येतो तो वेगळाच. म्हणून आपल्याजवळ एक लहान मॉनिटर स्पीकर ठेवा, नाहीतर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळवा. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाही. त्याचा आवाजच उशिरा येतो. वायरचाच घ्या.

हे तंत्र जुनं आहे. साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाचा माणूस हेडफोन लावून दोन तबकड्या अशाच जुळवायचा. १९७२ मध्ये टेक्निक्स कंपनीची एसएल-१२०० ही तबकडी फिरवायची मशीन आली, १९७९ च्या तिच्या एमके-२ मध्ये आठ टक्क्यांची सरकती पट्टी आली, आणि २००१ च्या सीडीजे-१००० या सीडी प्लेअरनं सीडीला तबकडीसारखी चकती दिली. तुमच्या कंट्रोलरवरची पट्टी आणि चकती तिथून आलीय. तबकडी सहा टक्के जास्त वेगात फिरवली की गाणं जवळपास अर्धा सूर चढायचं, म्हणजे सा चा कोमल रे. आता की-लॉक लावला की सूर जागेवर राहतो. शिकताना तो बंद ठेवा. वेग वाढला की सूरही चढतो, आणि आपण गाणं फार ताणलंय हे कानाला आपोआप कळतं.

कानांबद्दलही बोलायला हवं, कारण तेच आपलं अवजार आहे. ८५ डेसिबलला आठ तास, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, एवढीच सुरक्षित मर्यादा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं सांगितलीय. स्पीकरच्या भिंतीपुढं तुम्ही सहा-सात तास उभे राहता. कानात बोळे घाला, हेडफोन कमी आवाजात ठेवा. माझ्या ओळखीची दोन माणसं पस्तिशीत एका कानानं अधू झालीत. त्यांना आता त्या कानानं हायहॅट ऐकू येत नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण दोघांचेही हात फार चांगले होते.

आता घरी कसं शिकायचं ते करूनच बघू. सगळ्यात सोपा सराव म्हणजे दोन्ही डेकवर, म्हणजे कंट्रोलरच्या डाव्या-उजव्या भागावर, एकच गाणं घ्यायचं, बोल नसलेलं. सिंक बंद. मित्रानं दुसऱ्या डेकचा फेडर कुठंही सरकवायचा, तुम्ही पाठ फिरवून उभं राहायचं. मग वळायचं आणि जुळवायचं. गाणं एकच असल्यानं जुळलं की दोन आवाजांचा एक होतो, थोडा पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. ती खूण कानात बसू द्या. पंधरा दिवसांनी वेगवेगळी गाणी, महिन्यानं माणसांनी वाजवलेली.

तिसऱ्या रांगेतल्या निळ्या शर्टवाल्या, ये पुढं. आकडे आणि रेघा पुठ्ठ्याखाली आहेत, तिकडं बघू नकोस. हेडफोन फक्त उजव्या कानावर, डावा मोकळा. डाव्या डेकवर गाणं चालू केलंय, आधी पाय धर. धरलास? आता सोळा मोज, आणि पुढच्या समेवर उजवं सोड.