पोट बघा, रंग नव्हे

नमस्कार श्रोतेहो. समुद्र बघायचा तर पुणेकराला घाट उतरावा लागतो. मी मात्र कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर २५० लिटर समुद्र बाळगून आहे, आणि त्यात एक मँडरिन मासा. बोटाएवढाच, पण निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. आणि हा निळा नुसता उजेडाचा खेळ नाही बरं का. याच्या कातडीत खरोखरच निळं रंगद्रव्य असतं, प्राण्यांत ते फार दुर्मीळ.

टाकी, फिल्टर, दिवे तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यात वेळ घालवत नाही. आज एकच सांगायचंय. हा मासा रोगापेक्षा उपासमारीने जास्त मरतो. पुन्हा सांगतो, उपासमारीने.

माझा पहिला असाच गेला, सात आठवड्यांत. "काका, टेन्शन नका घेऊ, सगळं खातो," असं दुकानदार म्हणाला होता. रंग शेवटच्या दिवसापर्यंत झळझळीत होता आणि मी रंगच बघत बसलो.

दुसरा आणला तेव्हा सासूबाई मालवणहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी टाकीकडे बघून त्यांनी विचारलं, "हे खायचे नाहीत ना? मग एवढं वीजबिल कशाला?" तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन टाकीपुढे बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जावईबापू, याचं पोट खपाटीला गेलंय. हा उपाशी आहे."

मी म्हटलं, "आई, दिवसातून दोनदा घालतो की खायला."

"तुम्ही घालता हो. तो खातो का?"

जन्मभर कल्ला उचलून, पोट दाबून मासळी घेतलेली बाई. (आपल्याकडे लोक मोबाईल बघत सुरमई घेतात आणि घरी येऊन नाक मुरडतात. ते असो.) मी वाकून बघितलं. डोक्यामागे अंग चिमटल्यासारखं आत गेलेलं. दाणे त्याच्या नाकासमोरून वाहून जात होते. तो डोळा फिरवून बघायचा आणि पुन्हा दगडावर टोचायला लागायचा.

तो टोचत होता ते कोपेपॉड, खसखशीहून बारीक जिवंत किडे. मँडरिन दिवसभर तेच वेचत असतो. आणि माझ्याच टाकीतला दुसरा एक मासा, सहा पट्ट्यांचा रॅस, त्याच्या आधी येऊन सगळे फस्त करत होता. रॅस त्याच दिवशी मित्राकडे रवाना.

मग घरात कारखाना सुरू झाला. कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगली, खारं पाणी, हवेची नळी, चिमूटभर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवांची, अंडी. दीड दिवसात बाटलीत नारिंगी धुरळा. खाली टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, नळीने ओढून घ्यायची. गाळायला सासूबाईंनी श्रीखंडाच्या चक्क्याचं फडकं दिलं. बायकोला ते आजतागायत माहीत नाही, आता कळेल. लोणच्याची छोटी बरणी टाकीच्या तळाशी आडवी ठेवली आणि ड्रॉपरने पिल्लं आत सोडली. दुसरे मासे बाहेरून बघत राहिले. हा पंखांवर टुणटुण उड्या मारत आत शिरला. दोन आठवड्यांनी त्याच बरणीत गोठवलेलं खाणंही उचलायला लागला.

वेळ संपत आली, उरलेलं भराभर सांगतो. टाकी निदान सहा महिने जुनी, जिवंत दगडांनी, म्हणजे ज्यांत कोपेपॉडसारखे बारीक जीव राहतात अशा समुद्री दगडांनी, भरलेली हवी. विकत घेण्याआधी दुकानात तो खाताना बघा. दोन नर एकत्र ठेवू नका, पाठीवरचा काटा लांब असतो तो नर. पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. हे दोनदा लिहून ठेवा. टाकीतल्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा सोडा, आणि तेव्हा भर रोज घालावी लागते. गुरुवारी पाणी बंद असलं तर बुधवारीच भरून ठेवा. वाढदिवसाला लहान मुलांना मासे भेट देणाऱ्यांविषयी मला बरंच बोलायचंय, पण पुन्हा कधीतरी.

मासा आता चार वर्षांचा पाहुणा आहे. सासूबाई रविवारी फोन करतात तेव्हा आधी त्याच्या पोटाची चौकशी होते. या रविवारी मी म्हटलं, "सुटलंय थोडं." त्या म्हणाल्या, "त्याचं विचारलं मी."

नमस्कार.