मंगळावरचं हेलिकॉप्टर हवेमुळे नाही, वाळूमुळे पडलं

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी हा फोटो नीट बघा.

[स्क्रीनवर: वाळूवर पडलेली पात्याची सावली]

ही मंगळावरची वाळू आणि तिच्यावर पडलेली एका पात्याची सावली. टोकाकडे लक्ष द्या. सावली जिथे संपायला हवी त्याच्या बरीच आधी संपते, कारण पातं तुटलंय. हे इन्जेन्युइटी, दुसऱ्या ग्रहावर उडालेलं पहिलं हेलिकॉप्टर. १८ जानेवारी २०२४ ला त्यानं ७२वं उड्डाण केलं आणि ते शेवटचं ठरलं.

परग्रहावर उडणं अवघड का, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: हवा विरळ असते. ते खरं आहे, पण अर्धंच. विरळ हवेचा प्रश्न इंजिनिअरांनी सोडवला होता, आणि तोही इतका चांगला की पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं यंत्र जवळपास तीन वर्षं उडत राहिलं. घात झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. आपण नक्की कुठे आहोत आणि किती वेगानं सरकतोय, हे त्या यंत्राला कळणार कसं? मला आज त्यावर बोलायचंय. पण सुरुवात हवेपासूनच करावी लागेल.

मंगळाच्या जमिनीवर हवेची घनता आपल्या समुद्रसपाटीच्या साधारण १ टक्का. सियाचिनच्या चौक्यांवर आपल्या वायुदलाची चीता हेलिकॉप्टरं जातात. त्या सहा हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर हवा निम्मी होते आणि तेवढ्यानंही हेलिकॉप्टर थोडंच सामान उचलू शकतं. मंगळावर मुळात जमिनीवरच आपल्याकडची तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा आहे. दिलासा एवढाच की गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के.

म्हणून इन्जेन्युइटीचं वजन १.८ किलो. बॅटरी, कॅमेरे, सौर पॅनल, सगळं धरून. एकावर एक असे दोन रोटर, म्हणजे पात्यांच्या दोन जोड्या, उलट दिशांना फिरणारे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ मीटर लांब. वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या घरात.

मग हवा पुरत नसेल तर पाती आणखी जोरात फिरवायची, सोपं आहे की! तसं नाही होत. मंगळाची हवा म्हणजे थंडगार कार्बन डायऑक्साइड, आणि तिच्यात आवाजाचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास. आपल्याकडे तो ३४० आहे. मिनिटाला २५३७ फेऱ्या झाल्या की पात्याचं टोक सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगानं जातं. टोक आवाजाच्या वेगाच्या फार जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि पातं थरथरायला लागतं. म्हणजे हळू फिरवलं तर उचल मिळत नाही, फार जोरात फिरवलं तर पातंच बिघडतं. मधली जागा अगदी चिंचोळी. त्यात २०२१ च्या सप्टेंबरच्या सुमाराला, ऋतू बदलल्यामुळे, हवा आणखी विरळ झाली. मंगळावर एका ध्रुवावर हिवाळा आला की हवेतला कार्बन डायऑक्साइडच गोठून खाली बसतो, असा तो ग्रह. तेव्हा फेऱ्या २७०० पर्यंत न्याव्या लागल्या, ज्यासाठी ते यंत्र मुळात बनवलंच नव्हतं. तरी ते उडालं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्या दाट हवेत हेलिकॉप्टरचं पातं वरखाली हललं तर हवाच त्याला आवरते. मंगळावर हवेत तेवढा दम नाही, त्यामुळे पात्यांचे झोके लवकर शमत नाहीत. सुरुवातीच्या एका छोट्या मॉडेलला जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेत, मंगळाइतकी विरळ हवा ठेवलेल्या टाकीत, माणसानं जॉयस्टिकनं उडवून बघितलं, तर ते आवरेना. उपाय म्हणून पाती कमालीची ताठ केली: आत फोम, वरून कार्बन फायबर. मुख्य इंजिनिअर होते बॉब बलराम, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. मंगळावर रोटर फिरवायची कल्पना त्यांनी १९९० च्या दशकात मांडली होती. मंगळावर पहिलं उड्डाण झालं १९ एप्रिल २०२१ ला. तीन मीटर उंची, ३९ सेकंद.

त्या दिवशी मंगळावरून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोहोचायला पंधरा-सोळा मिनिटं लागत होती. म्हणजे उड्डाण सुरू झाल्याची बातमी आपल्यापर्यंत यायच्या कितीतरी आधी उड्डाण संपलेलं. जॉयस्टिकचा प्रश्नच नाही. वाट आधी ठरवायची, संगणकाला पाठवायची आणि मग थांबायचं. वाटेत काही बिनसलं तर सावरायचं त्यानंच.

आता खरा मुद्दा. मंगळाभोवती जीपीएसचे उपग्रह नाहीत. पूर्ण ग्रहाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून होकायंत्रही निरुपयोगी. यंत्रात हालचाल मोजणारे सेन्सर असतात, पण त्यांची बारीकशी चूक दर सेकंदाला साठत जाते. तेवढ्यावर विसंबलं तर थोड्याच वेळात हेलिकॉप्टरला वाटतं एक आणि ते असतं भलतीकडे. ही चूक सतत दुरुस्त करायला पोटाखाली एक कृष्णधवल कॅमेरा होता, सेकंदाला ३० फोटो काढणारा. प्रत्येक फोटोत दगड, कडा, सावल्या अशा खुणा शोधायच्या, पुढच्या फोटोत त्या किती सरकल्या ते बघायचं, त्यावरून आपला वेग काढायचा. तुमच्या कॉम्प्युटरचा ऑप्टिकल माउस हेच करतो. आणि तो माउस गुळगुळीत काचेवर ठेवला तर काय होतं, हेही तुम्हाला माहीत आहे.

[स्क्रीनवर: सहाव्या उड्डाणाचा मार्ग]

या पद्धतीचा पहिला मोठा हिसका बसला २२ मे २०२१ ला, सहाव्या उड्डाणात. साधारण ५४ सेकंद सगळं ठीक. मग कॅमेऱ्याकडून येणारा फक्त एक फोटो हरवला. एक फोटो गेला तर काय बिघडलं? पण तो गेल्यावर पुढच्या प्रत्येक फोटोवर चुकीची वेळ पडायला लागली. खुणा बरोबर, वेळ चूक. संगणकाला वाटे आपण भरकटलोय, तो दुरुस्ती करी. पुढचा फोटो सांगे अजून चुकतंय, तो पुन्हा दुरुस्ती करी. हेलिकॉप्टर २० अंशांपेक्षा जास्त कलत पुढेमागे झोकांड्या खायला लागलं. आणि तरीही ते ठरलेल्या जागेपासून पाच मीटरच्या आत नीट उतरलं. कसं? ते बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं की उतरतानाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, फक्त सेन्सरवर उतरायचं. त्या क्षणी चुकीच्या वेळेचे फोटो बाजूला पडले आणि यंत्र शांत झालं. परग्रहावर उडणारं यंत्र कसं बांधावं, हे कुणी विचारलं तर मी हाच निर्णय दाखवेन. आपल्या डोळ्यांवरसुद्धा कधी विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला आधीच शिकवलेलं होतं.

दुसरी गोम अशी की त्याचं सॉफ्टवेअर खालची जमीन सपाट धरून चालत होतं. मुळात सपाट मैदानावर पाच उड्डाणं, एवढंच तर ठरलं होतं. नवव्या उड्डाणात, जुलै २०२१ मध्ये, ते वाळूच्या टेकड्यांवरून ६२५ मीटर गेलं. चढउतार लागले की गणित त्याला वळण समजायचं. टीमनं ही चूक आधीच हिशेबात धरली, वाटेत वेग कमी केला आणि उतरायला ५० मीटर त्रिज्येची मोकळी जागा निवडली. ते मध्यापासून ४७ मीटरवर उतरलं. तीन मीटर शिल्लक! पुढे २०२२ मध्ये नवं सॉफ्टवेअर पाठवून जमिनीचा नकाशाच त्याला दिला.

आणि मग जानेवारी २०२४. एकसारख्या वाळूचा प्रदेश, खाली फक्त वाऱ्यानं घडवलेल्या वाळूच्या लाटा. ना दगड, ना कडा. ७१व्या उड्डाणात त्याला मध्येच उतरावं लागलं होतं. म्हणून ७२वं उड्डाण अगदी साधं ठेवलं: सरळ १२ मीटर वर जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. वर जाणं झालं. उतरताना कॅमेऱ्याला धरायला पुरेशा खुणाच सापडेनात आणि वेगाचा अंदाज चुकला. आपण आडवे सरकतोय हे न कळता हेलिकॉप्टर वाळूच्या लाटेच्या उतारावर जोरात आदळलं आणि कलंडलं. जोरात फिरणारी पाती त्या झटक्यासरशी चारही तुटली, टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, जिथे ती सगळ्यात कमजोर होती. पुढच्या थरथरीत एक पातं मुळापासूनच निघालं. नासाच्या तपासात हाच सगळ्यात संभाव्य क्रम ठरला, आणि मला तो पटतो. एकंदर १७ किलोमीटर आणि दोन तासांहून जास्त हवेत. रात्री उणे ९० अंशांपर्यंत उतरणारी थंडी झेललेली ती पाती अखेर साध्या बिनखुणेच्या वाळूवर तुटली.

आता पुढचं यान कुठे जाणार आहे बघा. शनीचा चंद्र टायटन. ड्रॅगनफ्लाय नावाचं हे यान जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये पोहोचेल, असं नियोजन आहे. हवेच्या बाबतीत टायटनवर चैन आहे: आपल्या चौपट दाट हवा, आणि गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याएवढं. म्हणून तिथे आठ रोटरांचं, जवळपास ८७५ किलोचं, छोट्या मोटारीएवढं यान उडवता येतं. सूर्यप्रकाश पुरेसा नाही, म्हणून वीज अणुऊर्जेवर. थंडी उणे १७९ अंश. संदेशाला एका बाजूनं तासाभराहून जास्त वेळ. आणि पहिल्यांदा उतरणार कुठे? वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात.

पण त्यांची युक्ती मला फार आवडलीय. ड्रॅगनफ्लाय अनोळखी जागेवर थेट उतरणार नाही. एका उड्डाणात ते पुढच्या जागेवर जाऊन वरून पाहणी करेल आणि परत आधी तपासलेल्या जागीच उतरेल. ती पाहणी पृथ्वीवर येईल, माणसं ती बघतील, जागा पसंत पडली तर मगच पुढच्या खेपेला तिथे उतरायचं. टायटनचा एक दिवस आपल्या जवळपास सोळा दिवसांचा असल्यामुळे विचार करायला वेळही भरपूर आहे.

शुक्रावर १९८५ मध्ये सोव्हिएत संघानं सोडलेल्या दोन फुग्यांना उतरायचंच नव्हतं, ते ५४ किलोमीटर उंचीवर वाऱ्याबरोबर वाहत राहिले. त्यांच्यावर पुढचा व्हिडिओ करतोय.