दीडशे रुपयांची बोली

(दृश्य: परंड्याचा किल्ला, सकाळची वेळ. बुरुजावर एक तोफ, तिच्या सावलीत दोन शेळ्या.)

निवेदन:

1854 साली विजापुरात एका तोफेचा लिलाव पुकारला गेला. वजन अंदाजे 55 टन, लांबी 14 फूट 4 इंच, आणि तोंड एवढं मोठं की आत माणूस अंग चोरून बसेल. तोंडावर सिंहाचा जबडा, जबड्यात हत्ती. सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपयांची. साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली, लोकांची त्या तोफेवरची श्रद्धाही त्याला ठाऊक होती. त्याने लिलाव रद्द केला. म्हणून मुलूख-ए-मैदान आज विजापुरात आहे. नाहीतर केव्हाच वितळून तिचे हंडे-कळश्या झाल्या असत्या.

विजापूरची म्हणून मिरवते, पण ती तिथली नाही. 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की ओताऱ्याने ती ओतली, आणि विजापूरला जाण्याआधी ती होती इथे, परंड्यात. ओढून न्यायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. तिची बहीण कडकबिजली वाटेत भीमेत बुडाली अशीही दंतकथा आहे. भीमेकाठच्या प्रत्येक गावाला ती आपल्याच डोहात बुडाली असं वाटतं.

तोफेची गोष्ट इथून काढली, कारण जुन्या हत्याराचा लिलाव आता मोबाइलवर होतो. आणि तो बघणारा एक माणूस परंड्यापासून तासाभराच्या अंतरावर राहतो.

(दृश्य: माळवदाच्या घराची ओसरी. भिंतीला टेकलेले एक निवृत्त शिक्षक, हातात मोबाइल, शेजारी दोनशे पानी वही.)

सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, आपणही तेच म्हणू. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. घरात हत्यार म्हणाल तर एक विळी आणि एक कोयता. पण गेली सात वर्षं ते रोज रात्री अमेरिकेतले जुन्या बंदुकांचे लिलाव बघतात. अजून एकही बोली लावलेली नाही. लावायचीही नाही.

“मग बघता कशाला, गुरुजी?”

“बाजारला जाणारा प्रत्येक माणूस बैल घेऊनच येतो का? दात बघायचे, वशिंड बघायचं, दर ऐकायचा, घरी यायचं. मी बंदुकीचे दात बघायलो.”

दात बघणं म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला दुपारभर दाखवलं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर बंदुकीच्या कळपट्टीचा मोठा केलेला फोटो.)

हा फोटो मार्टिनी-हेन्रीचा. ब्रिटिश फौजेने 1871 मध्ये घेतलेली रायफल. पट्टीवर मुकुट, त्याखाली व्ही आणि आर ही अक्षरं, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि त्याखाली साल. गुरुजी बोटांनी फोटो ताणतात. साल 1907.

“राणी कधी गेली?”

1901.

“मग सहा वर्षांनी शिक्का मारायला स्वर्गातून आली का?”

खैबरच्या डोंगराकडे, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी, हाताने घडवलेल्या अशा नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. कारागीर हुशार, पण इंग्रजी अक्षरओळख नाही. त्यामुळे ‘एन’ उलटा पडतो, स्पेलिंग चुकतं, साल मनाला येईल ते. अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांनी त्या आठवण म्हणून घरी नेल्या आणि आता त्याच लिलावात दिसतात. एखादा प्रामाणिक विक्रेता ‘खैबरची नक्कल’ असं स्पष्ट लिहितो. बाकीचे ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ असं लिहितात. माळा काय, तिकडेही असतो.

दुसरा दात, आकडा. ली-एनफिल्ड रायफलच्या मूळ सांगाड्यावर जो आकडा, तोच खटक्याच्या दांडीवर हवा. जुळला तर भाव वर, नाही जुळला तर चार रायफलींचे भाग एकत्र करून ती उभी केलेली असते. तिसरा दात, पॉलिश. बंदूक चकाकत असेल तर गुरुजी पुढे जातात. घासून नवीन केलेल्या नळीच्या कडा गोल होतात, शिक्के उथळ पडतात. संग्राहकाला जुना काळसर रंग हवा असतो. आपल्याकडे मात्र दसरा आला की चिंच आणि राख लावून सगळं लखलखीत करायची घाई!

(दृश्य: वहीचं पान. निळ्या शाईत ओळी, काही शब्द लाल.)

वहीत एक नाव वारंवार येतं, ईशापूर. पश्चिम बंगालमधला आपला सरकारी रायफल कारखाना. चीनशी 1962 मध्ये युद्ध झालं, त्यानंतर तिथे ली-एनफिल्डच्याच घडणीची, पण 7.62 मि.मी. काडतुसाची रायफल बनू लागली. तिच्यावर आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरं असतात. फौजेने टाकून दिल्यावर ती घाऊक भावात अमेरिकेला गेली. पन्नास वर्षं उलटली की तिथल्या कायद्यात बंदूक ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्राह्य वस्तू ठरू शकते. आज टेक्सासमधला कोणी निवृत्त माणूस ती काहीशे डॉलरला घेऊन भिंतीवर लावतो. इथे लातूरच्या माणसाला सामान्य परवान्यावर .303 सारख्या लष्करी बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, रायफल मिळत नाही.

नेपाळचंही असंच झालं. काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यात साठवलेल्या हजारो बंदुका, त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्याही, 2003 मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा उचलल्या. मग एकेक साफ करून विकल्या.

तिथला व्यवहार चालतो कसा, तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण आपल्याकडे समज असा की अमेरिकेत बटण दाबलं की बंदूक दारात. ईबेने 1999 मध्ये बंदुकांचे लिलाव बंद केले, त्याच वर्षी गनब्रोकर हे निव्वळ त्यासाठीचं संकेतस्थळ सुरू झालं. बोली जिंकली तरी साधारण बंदूक घरी येत नाही. ती जाते जवळच्या परवानाधारक दुकानदाराकडे. तिथे 4473 क्रमांकाचा अर्ज भरायचा, पूर्वेतिहासाची तपासणी होते, मग ताबा. जुन्या वस्तूंचा संग्राहक-परवाना असेल तर संग्राह्य बंदूक थेट येऊ शकते. आणि 1898 किंवा त्याआधी घडलेली बंदूक तर तिथल्या केंद्रीय कायद्याने अँटिक. तिला यातलं काहीच लागत नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे असतील तेवढेच.

1898. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत घोळ इथूनच सुरू होतो.

(दृश्य: वाड्याची आतली खोली. बळदाच्या तोंडाशी गोणपाटात गुंडाळलेली लांब वस्तू. वर झेंडूची वाळकी माळ.)

गुरुजींच्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी वाड्याचं जुनं बळद फोडलं. धान्य केव्हाच संपलेलं. तळाशी निघाली ठासणीची बंदूक. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, म्हणजे सप्टेंबर 1948 मध्ये, मराठवाड्यात कुणी काय कुठे लपवलं याच्या गोष्टी घरोघरी आहेत. विहिरीत टाकलं, पेवात पुरलं, लिंबाच्या ढोलीत ठेवलं. ही बळदात राहिली.

खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, फोटो काढला. फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. दोन दिवसांत एकाचा फोन. “परदेशात लिलावात घालू, पाच लाख कुठे गेले नाहीत.”

पोरगं गुरुजींकडे आलं ते निम्मे पैसे खर्च करूनच. मनातल्या मनात.

गुरुजींनी बंदुकीला हात लावला नाही, नुसती बॅटरी मारून बघितली. बाजूला कोंबड्याच्या मानेसारखा घोडा, त्याखाली टोपी बसवायची करंगळीच्या पेराएवढी नळी. म्हणजे तोड्याची, पेटत्या वातीने उडणारी नव्हे, तर टोपीची, घोडा आपटून फुटणाऱ्या दारूच्या टोपीची बंदूक. नळीवर तीन पट्ट्या, 1853 च्या एनफिल्डसारख्या. खालचा ठासणीचा गज गायब. दस्त्याला वाळवी. कळपट्टीवर मुकुट असावा असा एक डाग, पण अक्षर एकही लागत नाही.

“गुरुजी, अँटिक आहे ना? 1898 च्या आधीची आहे. तुम्हीच सांगितलं होतं.”

“अरे, तो आकडा अमेरिकेचा. तुझं बळद धाराशिव जिल्ह्यात आहे.”

आपल्याकडे चालतो शस्त्र अधिनियम, 1959. बंदूक बाळगायची तर साधारणपणे परवाना हवा. वय शंभर असो की दोनशे, नुसत्या वयावर तिकडच्यासारखी सरसकट सूट नाही. कलम 45 मध्ये एक ओळ आहे, ती मात्र अनेकजण अर्धीच वाचतात. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्याबाहेर राहतं, पण केव्हा? दुरुस्ती न करता तर नाहीच, दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हा.

“ती उडतच नाही की.”

“उडत नाही हे तू म्हणायलास. लोहाराने दोन दिवस घेतले तर?”

पोरगं गप्प. ते ठरवणं घरच्यांचं काम नाही, जाणकार शस्त्र-तपासनीसाचं आहे.

आणि परदेशातला लिलाव? शंभर वर्षांहून जुनी अशी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरते, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेशिवाय कुणालाच नाही. म्हणजे फोनवरचा तो पाच लाखवाला, एक तर त्याला कायदा माहीत नव्हता, नाही तर पक्का माहीत होता. देशातच विकायची म्हटलं तरी परवानाधारकाने परवानाधारकालाच विकायची, आणि जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबायचं. बाहेरून आणायची तर आयातीचा परवाना वेगळा.

इथे मला माझीही फजिती सांगितली पाहिजे. हा माहितीपट करायच्या दोन वर्षं आधी मी समाजमाध्यमावर ‘शोपीस पिस्तूल, जुनं पितळी काम’ अशी जाहिरात बघून साडेचार हजार आगाऊ भरले. पिस्तूल आलं नाही, फोन आला. “तुमचं पार्सल पकडलंय, बंदुकीचं आहे, केस होईल, बारा हजार भरा.” मी भरले नाहीत, पण आठवडाभर दारावरची बेल वाजली की पोटात गोळा यायचा. ज्याने फसवलं त्यालाच माझी भीती पुरेपूर ठाऊक होती. आणि भीती निराधार नव्हती. 2018 मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केलेच होते.

(दृश्य: कापडी पिशवीतून निघणारा पिवळा पडलेला कागद. उर्दू अक्षरं, गोल शिक्का.)

पोराच्या वाड्यात आणखी एक गोष्ट निघाली, देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात. उर्दू कागद. घरात कुणालाच उर्दू येत नाही, म्हणून तो जमिनीच्या कागदांत पडून होता. गावातल्या एका वृद्ध मौलवींनी चष्मा पुसून वाचला. निजामाच्या राजवटीतला बंदुकीचा परवाना, पणजोबांच्या नावावर. सन 1352 फसली. हैदराबाद संस्थानच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतं. 1942 च्या सुमाराचा कागद. त्यात बंदुकीचं वर्णन एका ओळीत: टोपीची, एकनळी, आणि खाली गावाचं नाव.

गुरुजींनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. बंदुकीकडे त्यांनी असं बघितलं नव्हतं.

लिलावात नेमकी हीच गोष्ट नसते. लंडनला एप्रिल 2025 मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली, ती महाराष्ट्र सरकारने 47.15 लाखांना घेतली. पातं युरोपीय, तशी फिरंग पाती पुष्कळ. पण तिच्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब कोरलेला होता. नाव होतं म्हणून लाखांत. नाव नसतं तर कुठल्या तरी यादीत ‘भारतीय तलवार, बहुधा दख्खन’ एवढ्यावर गेली असती.

त्या जुन्या परवान्याने आजचा परवाना होत नाही, हेही गुरुजींनी पोराला स्पष्ट सांगितलं. नव्या नियमांत वारसाने हत्यार ठेवायची सोय आहे, पण तीही अर्ज करून, चौकशी होऊन, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका या मर्यादेत. एका कोऱ्या कागदावर त्यांनी अर्ज लिहून दिला. कधी सापडली, कुठे सापडली, सोबत कोणता कागद सापडला. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात. बंदूक ठाण्यात जमा झाली. पावती मिळाली. माळ मात्र आजीने काढून ठेवून घेतली.

अर्जाचं उत्तर आम्ही चित्रीकरण संपवेपर्यंत आलेलं नव्हतं.

(दृश्य: सोमवार, पहाटेचा उजेड. ओसरीवर गुरुजी, चहाचा कप, मोबाइल.)

न्यूयॉर्कला रविवारची रात्र, नऊ वाजत आलेले. इथे सकाळचे साडेसहा. दारात दूधवाल्याची मोटारसायकल उभी आहे. पडद्यावर एक तोड्याची बंदूक. तिकडच्या यादीत तिला ‘तोराडार’ लिहितात. आपला तोडेदार शब्द समुद्रापार जाऊन असा झाला. नळीवर चांदीची वेल, दस्ता चपटा, तोडा धरायचा चाप सापाच्या फण्यासारखा.

दोघांची चढाओढ लागली आहे. तिथला नियम असा की शेवटच्या पंधरा मिनिटांत बोली आली तर लिलाव आणखी पंधरा मिनिटं लांबतो. सातला दहा कमी. सात. सातनंतरही. सुनबाई दोनदा नाश्त्याला बोलावून गेल्या.

सव्वासातला लिलाव सुटला. गुरुजी वही उघडतात. तारीख टाकतात, किंमत डॉलरमध्ये, मग रुपयांत. नळीची लांबी. वेलीचं छोटं चित्र. शेवटचा रकाना ‘गाव’ असा आखलेला आहे. त्यावर पेन थांबतं, एक आडवी रेघ ओढली जाते, आणि ते उठून दुधाचं पातेलं आत घेऊन जातात.