गोळी घेण्याआधी सांध्यातलं पाणी तपासा

नमस्कार श्रोतेहो. जोतिबाच्या पायऱ्या पुन्हा चढता याव्यात म्हणून गुडघा बदलून घेतलेली माणसं आता कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतात. बहुतेकांचं छान चालतं. शंभरातल्या एक-दोघांच्या कृत्रिम सांध्यात मात्र जंतुसंसर्ग होतो, कधी महिन्याभरात, कधी काही वर्षांनी.

तो ओळखणं अवघड. धातूवर जंतू चिकट थर धरून राहतात, पंचगंगेच्या घाटावर शेवाळ धरावं तसे. त्या थरात औषध नीट पोचत नाही. कित्येकदा ताप नसतो, सूज बेताची, नुसतं दुखत राहतं.

नेहमीची तपासणी म्हणजे कल्चर. सुईने सांध्यातलं पाणी काढायचं आणि त्यात जंतू वाढतात का बघायचं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवरचा जंतू वाढायला १४ दिवससुद्धा घेतो. त्यात आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर कल्चर कोरं येऊ शकतं आणि संसर्ग आत तसाच राहतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

अशा वेळी पीसीआर उपयोगी पडतं. कोरोनात नाकातल्या स्वॅबची झाली, त्याच जातीची ही तपासणी. जंतू वाढायची वाट न बघता त्याचा डीएनए शोधायचा. १६एस नावाचं जनुक सगळ्या जीवाणूंत असतं. त्यातली अक्षरं, म्हणजे डीएनएच्या घटकांचा क्रम, वाचली की बहुतेक वेळा जंतू कोणता ते कळतं. संसर्ग झाला म्हणून शस्त्रक्रियेत काढलेला कृत्रिम सांधा द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी थर सुटा करतात, त्या द्रवाचीही अशी तपासणी होते.

पण एवढ्यावर विसंबू नये. मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो, हाताळताना शिरलेल्या जंतूचाही. शिवाय कोणतं औषध लागू पडेल, याचं पुरं उत्तर अजून कल्चरच देतं. म्हणून दोन्ही हवीत, आणि शस्त्रक्रियेत एकाऐवजी चार-पाच ठिकाणचे नमुने हवेत.

तेव्हा बदललेला सांधा दुखू लागला, तर मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. आधी सर्जनकडे जा, पाणी तपासायचं का ते विचारा. हुडहुडी भरून ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे औषध लगेच द्यायचं की कसं, ते डॉक्टर ठरवतील. जाताना शस्त्रक्रियेचे कागद आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.